खाजणातली पुसलेली पावलं

प्रिय बा,

तुला पत्र लिहायचं म्हणजे गंमतच आहे. तुला कुठं अक्षर येत होतं! पाड्यात कुणाचं पत्र आलं की तू ते हातात घेऊन उलटंसुलटं करायचास, शाईवरून बोट फिरवायचास आणि मग ऐटीत माझ्याकडे द्यायचास. "वाच गो बाय. आपल्या घरान वाचनारी हाय." मग हे पत्र तुला कोण वाचून दाखवणार? मीच. कुठं आणि कधी, ते शेवटी सांगते.

इतक्या वर्षांनी आजच का लिहितेय, असं विचारशील. एका आठवड्यात दोन गोष्टी झाल्या. एक शब्द सापडला आणि हिरूकाकीनं एक गोष्ट सांगितली. त्या दोन गोष्टींनी मला धरून बसवलंय, आता लिहिल्यावाचून सुटका नाही.

आधी शब्दाचं सांगते. तुला ठाऊक नाही, पण मी बाई झाले! गास गावाकडच्या शाळेत दुसरीला शिकवते. तिथंच एक खोली घेऊन राहते, शनिवारी घरी येते. मॅट्रिकला बसायचं मनात आहे म्हणून शाळा सुटल्यावर हेडमास्तरांकडे इंग्रजी शिकते. त्यांच्याकडे एक जाडजूड इंग्रजी कोश आहे, पुठ्ठा वाळवीनं खाल्लेला. सोमवारी ते म्हणाले, "बाई, नुसता अर्थ पाठ करून काय होणार? शब्दाचं मूळ बघायची सवय लावा. आज 'लर्न' काढा."

लर्न म्हणजे शिकणे. हे तर पहिल्याच आठवड्यात पाठ झालं होतं. पण त्याच्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत बरंच काही लिहिलं होतं. हेडमास्तरांनी चष्मा पुसला आणि उलगडून सांगितलं. हा शब्द फार जुना. इंग्रजांच्या खापरपणज्यांच्याही आधीची माणसं जी भाषा बोलायची, तिच्यात त्याचं मूळ आहे, आणि त्या मुळाचा अर्थ माग. जमिनीवर उमटलेली खूण. पुढं गेलेल्याच्या पावलांवरून जाणं, मागोवा घेणं, ते शिकणं. चांभार ज्या लाकडी पायावर जोडा ठोकतो ना, त्याचं इंग्रजी नावसुद्धा त्याच घराण्यातलं, त्याचा जुना अर्थ सरळ पाऊलखूण असाच.

"बघा बाई," हेडमास्तर खूश होऊन म्हणाले, "गुरू पुढं चालतोय आणि शिष्य त्याच्या पावलात पाऊल टाकत मागून येतोय. काय चित्र आहे!"

मला घाम फुटला, बा. मी उठून माठातलं पाणी प्याले. ते घाबरून विचारायला लागले, चक्कर आली का, घरी पोचवायला कुणाला पाठवू का. मी म्हटलं, ऊन लागलं असेल. ऊन कसलं! ते चित्र मी पाहिलेलं होतं. त्या चित्रातच तर मी वाढले. आणि शेवटी ते चित्र उलटं झालं, हे त्यांना कसं सांगणार?

आपल्या पाड्यातून शाळेत जायचं तर दोन वाटा. एक बांधावरून, मिठागरांना वळसा घालून उमेळ्याच्या शाळेपर्यंत, पाय तुटतील अशी. दुसरी ओहोटी असताना खाजणातून, खाडीकाठच्या दलदलीतल्या तिवरांच्या झाडांमधून. अर्ध्या वेळात पोचवणारी, पण गाळाची. मी सात वर्षांची असल्यापासून तू मला त्या वाटेनं न्यायचास. तू पुढं, धोतर गुडघ्यावर खोचलेलं, हातात तिवराची डहाळी. मी मागं, पाटी डोक्यावर. "माज्या पावलान पाय टाक. आजूबाजूला नको." तुझं एकेक पाऊल म्हणजे माझ्या दोन पायांना पुरेल एवढी जागा! त्यात पाणी साचायचं, निवटी मासळी उड्या मारायची, आणि मी त्यांच्यावर पाय पडू नये म्हणून नाचत नाचत यायची. तू मागं न बघता ओरडायचास, "नाचू नको गो, घसरशील!" तुला मागं न बघता कसं कळायचं?

पण तुला सगळंच कळायचं. अक्षर येत नव्हतं, पण गाळ वाचता येत होता. "हा बग, नथू गेला. उजवा पाय वढतो. डोईवर वजा व्हता, टाचा बग कशा बसल्यान." "ही पोर धावत गेली, टाच लागलीच नाय." मी वर्गात बाराखडी घोकायची आणि येताना तुझ्याकडून ही बाराखडी घ्यायची. खरं सांगू? तुझी जास्त आवडायची.

आणि तो नियम. आपल्या पाड्यातला पहिला नियम, जो पोराला चालता यायला लागलं की सांगतात. चुकीचा पाय पडला, वाट सोडून गेलास, तर आपली पावलं आपणच पुसायची. त्यासाठीच तर ती डहाळी हातात. मी एकदा शहाणपणा केला होता, आठवतं? म्हटलं, "कशाला पुसायचं? भरती येऊन पुसतेच की!" तू थांबलास. वळलास. एरवी तू कधी वळायचा नाहीस.

"आनि भरती येस्तवर कोन आला तं? मागनं येनारा तुज्या पावलावर इसवास ठेवून येतो, बाय. हलक्याची वाट जडाला चालत नाय. तू जाशील, तो बुडंल."

एवढं स्वच्छ सांगितलं होतंस! आज मी दुसरीच्या पोरांना एक गोष्ट दहादा सांगते तेव्हा कुठं शिरते. तू एकदाच सांगितलंस आणि माझ्या डोक्यात ती पक्की बसली होती. विसरले असते तर निदान विसरले असं म्हणता आलं असतं.

सातवीच्या फायनल परीक्षेच्या आदल्या दिवशी आपण दोघं उमेळ्याहून परत येत होतो. खाजणाच्या कडेला तू थांबलास, डहाळी माझ्या हातात दिलीस आणि म्हणालास, "आता तू पुडं हो. माज्या पाठी किती चालशील?" मी पुढं झाले.  पन्नासेक पावलं गेल्यावर चोरून मागं बघितलं, तर तू माझ्या इवल्या पावलांत आपले आडवेतिडवे पाय बसवत येत होतास, तारेवरच्या डोंबाऱ्यासारखा तोल सावरत. आपण दोघं किती हसलो! घरी येऊन तू आयला सांगितलंस, "आज बाय पुडं आनि मी पाठी. आता तिची वाट ती काडंल."

का सांगितलंस तसं, बा? तसं म्हणाला नसतास तर दुसऱ्या दिवशी तू त्या वाटेला गेला असतास का?

दुसऱ्या दिवशी मला निघायला उशीर झाला. आयनं केसांना तेल लावलं, देवापुढं बसवलं, दही हातावर दिलं. तू पहाटेच मिठागरावर गेला होतास. मी एकटीच निघाले, नवं परकर-पोलकं, हातात डहाळी. खाजणाच्या मध्यावर आल्यावर लांबून वसईच्या बाजूनं शाळेची घंटा ऐकू आली आणि माझा धीर सुटला. आपली वाट तिथं डावीकडे मोठं वळण घेते, कारण समोर तो मऊ गाळाचा पट्टा. आपण त्याला साय म्हणायचो. वरून उन्हानं सुकलेली, दुधावरच्या सायीसारखी, आणि खाली तळ नाही. मी सरळ सायीवरून पळाले. टाच न टेकवता पळाले. साय डचमळली, पण फुटली नाही. बांधावर पोचले तेव्हा मला काय वाटलं सांगू? आनंद झाला! वाटलं, मी वाट काढली!

डहाळी हातात होती, बा. मी वळून बघितलंसुद्धा. माझी सगळी पावलं ओळीनं दिसत होती. पुसायचं तर परत सायीच्या कडेला उतरायचं, परकर मळणार, उशीर होणार. मी मनात म्हटलं, भरती येईल. आणि डहाळी तिथंच टाकली.

माझा लिहायचा टाक घरी राहिला होता, हे मला परीक्षेच्या बाकावर कळलं. शेजारच्या मुलीकडे जास्तीचा होता, तिनं दिला. एवढंच! एका मिनिटाचं काम. मी पेपर लिहीत बसले आणि तिकडे आयला कोनाड्यात टाक दिसला. तू नेमका भाकरीला घरी आलेला. तिनं तो तुझ्या हातात दिला आणि म्हणाली, "पोरीचा साल फुकट जाईल. धाव."

तू धावलास. सायीपाशी आलास. आपल्या जुन्या वाटेवर माझं पाऊल नव्हतं, आणि सायीवर होतं.

इथंच मी इतकी वर्षं अडकून बसलेय. तू माझी पावलं ओळखलीस, ह्याबद्दल मला शंका नाही. टाच लागली नाही हेही बघितलं असशील. मग हलक्याची वाट जडाला चालत नाही, हे सांगणारा तू, पाय कसा टाकलास? पोर पुढं कुठं रुतली असेल म्हणून भ्यालास? की आता तिची वाट ती काढते, असं खरंच वाटलं तुला? माझ्यावर विश्वास ठेवलास? सांग ना! भ्याला असशील तर मी रडेन आणि गप्प बसेन. विश्वास ठेवला असशील तर मी काय करू?

भरती उतरल्यावर लोकांनी तुला बाहेर काढलं. तुझं डोक्याचं फडकं लांब एका तिवरावर अडकलेलं सापडलं. तू ते गाठोडं करून भिरकावलं होतंस. आत टाक होता, कोरडा.

दामासारखा माणूस, खाजणात जन्म गेलेला, आणि सायीवर गेलाच कसा? सगळ्यांच्या तोंडी तोच प्रश्न. मग कुणीतरी म्हणालं, चकवा लागला. भर दुपारी चकव्यानं वाट भुलवली. झालं! तेच पक्कं ठरलं. त्या दिवसापासून ती वाट मोडली. आता सगळे बांधावरूनच जातात. आणि त्या तिवराला दरवर्षी नारळ आणि लाल कापड देतात, चकव्याला. मी तिथं आयच्या शेजारी हात जोडून उभी राहते. खाई त्याला खवखवे म्हणतात, मी तर डोळे मिटूनच घेते. कारण तो चकवा कोण ते मला माहीत आहे. बा, तो चकवा मी.

तेव्हा का बोलले नाही? चौदा वर्षांची होते, भ्याले. वाटलं, पोरीच्या शाळेपायी बाप गेला असं म्हणतील आणि शाळा बंद करतील. नंतर निकाल लागला, नंतर नोकरी लागली, आणि दरवर्षी सांगणं आणखी जड होत गेलं. मी पोरांना 'नेहमी खरे बोलावे' हे फळ्यावर लिहून देते, बा. सुंदर अक्षरात.

आणि तू काही गेलेला नाहीस. वसईच्या डांबरी सडकेवरून चालताना माझ्या मागं चप चप आवाज येतो. कोरड्या सडकेवर! मी थांबले की थांबतो. शाळेतून पोरांची रांग नेताना मी पुढं चालत नाही, सगळ्यांत शेवटी चालते. पोरं म्हणतात, "बाई, तुम्ही पुढे व्हा ना." मी खेकसते त्यांच्यावर. त्या दिवशी एक चिमुरडी माझ्या अक्षरावरून पेन्सिल फिरवत होती, जीभ बाहेर काढून, एवढी मन लावून. मी तिच्या हातातून पाटी काढूनच घेतली. ती रडायला लागली तेव्हा भानावर आले.

आता हिरूकाकीचं. काकीचे दिवस भरत आलेत, बा. अंथरुणाला खिळली आहे. काल शनिवारी मी आले तशी तिनं मला एकटीला बोलावलं, दार लोटायला सांगितलं.

"बाय, एक दगड हाय छातीवर. त्या दिसी मी खुबे-शिंपल्या काडाला गेलती. दामा दिसला मना, लांबून. सायीवर. कमरेवर दिसत व्हता, मना वाटला बसून चिंबोऱ्या काडतंय. मी वरडली, रं दामा, भरती आयली! त्यानं हात केला, जा, जा, असा. मी गेली गो. मना कं माहीत, तो रुतलाय."

मी तिचा हात धरून बसले होते. 

"त्यानं हाक मारली असती तं मी धावली असती."

म्हणूनच मारली नाही ना, बा? काकी केवढी जाडजूड होती तेव्हा! ती सरळ सायीवर धावत आली असती. तू तिला हाकललंस.

पण काकीचं संपलं नव्हतं. तिनं माझ्याकडे टक लावून बघितलं.

"त्याच्या हातान डहाली व्हती. पुडं वाकून वाकून पुसत व्हता, पोचंल तवडा. मी इतकी वर्सां इचार करतंय. वाट पुसत व्हता, तं कोनाचा पाय पुसत व्हता गो? त्याचे पाय तं गालान रुतलेले."

मी म्हटलं, "मला काय माहीत, काकी?" बघ, मरणाच्या दारातल्या बाईशीसुद्धा मी खोटं बोलले.

रात्रभर डोळा लागला नाही. तू कमरेपर्यंत रुतलेला, पाणी चढतंय, आणि तू माझी पावलं पुसतोयस. नियम म्हणून पुसलीस, मागून कुणी येऊ नये म्हणून? की पाड्यातल्या कुणाला माझा पाय ओळखू येऊ नये म्हणून? मला वाटतं, दोन्ही. पण बा, मला तुझा रागही येतो. हो, येतो! चुकलेल्यानं आपलं पाऊल आपण पुसायचं, हे तूच शिकवलंस ना? मग माझं तू का पुसलंस? तू पुसलंस म्हणून मी सुटले, आणि सुटले म्हणून अडकले.

आणि आय? तिचा विचार केलास? तिनं तो टाक देवामागच्या कोनाड्यात ठेवलाय. दर सणाला त्याला कुंकू लावते आणि म्हणते, "ह्याच्यापायी गेला. मीच त्याला धाडला. मीच म्हनली, धाव." माझ्या चुकीचा भार ती आपल्या डोक्यावर घेऊन फिरतेय, आणि मी शेजारी बसून तिची पाठ चोळत म्हणते, "नशीब गं, आय."

आज सकाळी मी कोनाड्यातून तो टाक काढला. कुंकू पुसलं, नवं निब बसवलं. आय बघत होती. म्हणाली, "त्याला कशाला हात लावलास?" मी म्हटलं, "बाला पत्र लिहायचंय." ती उठली. दौत शोधून आणून माझ्यापुढं ठेवली आणि दारात सूप घेऊन तांदूळ निवडत बसली. तेव्हापासून एकच सूप निवडतेय.

तर बा, आता वचन. त्या हेडमास्तरांच्या शब्दानं मला एवढं कळलंय की मागून येणारे येतच राहणार, मी रांगेत कितीही शेवटी चालले तरी. म्हणून उद्यापासून मी पोरांच्या पुढं चालेन. जिथं चुकेन तिथं थांबेन आणि त्यांना दाखवून माझं पाऊल मी पुसेन. हिरूकाकीला आज दुपारच्या आधीच सांगेन, पाय कोणाचा होता ते. ती डोळे मिटायच्या आत. मग पाड्याला सांगेन, की त्या तिवराला नारळ देणं बंद करा, तिथं चकवा नाही, तिथं माझा बाप आहे. त्यांनी माझ्या तोंडावर थुंकलं तरी सांगेन. आणि दुपारच्या ओहोटीला डहाळी घेऊन अनवाणी येईन, आपल्या जुन्या वाटेनं, डावीकडच्या वळणानं, टाच टेकवत. तिवरापाशी उभी राहून हे पत्र तुला मोठ्यानं वाचून दाखवीन. अक्षर नाही कळलं तर पावलं बघ. ती तुला वाचता येतात.

पण तू पहिला नाहीस. तुझ्याआधी कुणाला तरी वाचून दाखवायचंय. आय सूप खाली ठेवून माझ्याकडे बघतेय. विचारतेय, "झाला कं गो लिवून?"

झालं, बा. आता तिला वाचून दाखवते.

तुझ्या मागून चालणारी,
तुझी बाय, मंजुळा